हाताला हात कधी लावायचा

माझ्याकडे विंग चुन, म्हणजे हातांनी लढायची चिनी विद्या, शिकायला येणाऱ्या पोरींना मी पहिल्याच दिवशी एकमेकींसमोर उभं करते आणि मनगटाला मनगट लावायला सांगते. आरमोरीत, एका शाळेच्या व्हरांड्यात, दर रविवारी सकाळी आमचा वर्ग असतो. पोरी सात असतात, कधी नऊ. त्यांना अजून धड उभं राहता येत नाही, मूठ वळताना अंगठा कुठे ठेवायचा ते ठाऊक नसतं, आणि मी म्हणते, डोळे मिटा आणि समोरचीचा हात कुठे चाललाय ते सांगा. त्या खिदळतात. मी खिदळू देते.

या विद्येतल्या जाणत्या मंडळींचा फोनवर एक गट आहे. त्यातल्या नागपूरच्या एका गृहस्थांनी मला बरंच समजावून सांगितलं. नवशिक्यांना जोडीचा सराव इतक्या लवकर देऊ नये, आधी निदान सहा महिने एकट्याने करायचे प्रकार घोटून घ्यावेत, नाहीतर पाया कच्चा राहतो आणि नुसती ढकलाढकली होते. त्यांचं म्हणणं खोटं नाही. मी 'बरं' एवढंच लिहिलं. खरं उत्तर द्यायचं तर मला शिकवणाऱ्या सरांबद्दल लिहावं लागलं असतं, आणि चार अनोळखी लोकांत सरांबद्दल लिहिण्याइतकी मी अजून कोडगी झालेली नाही.

म्हणून इथे लिहिते. सरांनी आम्हाला तीन वर्षं एकमेकांच्या हाताला हात लावू दिला नाही, स्वतःच्या हाताला तर नाहीच नाही, आणि त्या तीन वर्षांत त्यांचे हात मेले. हे आधीच सांगून टाकलेलं बरं. पुढे सरांच्या तऱ्हा सांगताना मला हसू येईल, कारण त्या होत्याच तशा, पण वाचणाऱ्याने माझ्यावर विसंबून हसू नये.

मी तेव्हा चंद्रपूरजवळ ऊर्जानगरला होते. वीज केंद्रात पाणी तपासायच्या लॅबमध्ये कंत्राटी केमिस्ट. सर टर्बाइनच्या मेंटेनन्सला. पन्नाशीचे, बुटके, रुंद, आणि भर मे महिन्यातही मनगटापर्यंत बटणं लावलेला फुलशर्ट. चंद्रपूरचा मे ज्याने पाहिला आहे त्याला या शर्टाचं महत्त्व वेगळं सांगायला नको. माणसं बनियनवर फिरायला लाजत नाहीत अशा दिवसांत सर गळ्यापासून मनगटापर्यंत बंद. कोणी विचारलं तर म्हणत, घाम आतच राह्यला पाह्यजे, बाहेर जाऊन त्याले काय काम आहे.

वर्ग भरायचा क्लबमागच्या सिमेंटच्या ओट्यावर, सकाळी सहाला. आधी साडेपाचला असे, पण बिबट्या क्वार्टरांच्या मागून जाताना दोनदा दिसल्यापासून अर्धा तास पुढे ढकलला. सर म्हणाले, त्याची ड्युटी संपू द्या, मंग आपली. आम्ही येताना फडकं आणायचो, कारण ओट्यावर रोज राखेचा पातळ थर बसलेला असे आणि सर उभं राहण्याआधी तो पुसायला लावत. फीबी काही नव्हती. वेळेवर यायचं आणि कोणाला हात लावायचा नाही, हे दोनच नियम.

ही विद्या सर मलेशियात शिकले होते. तरुणपणी ते तिकडे बॉयलर उभारणीच्या कामावर गेले, तिथल्या कामगारांच्या छावणीत एक म्हातारा चिनी फिटर होता, त्याने काम सुटल्यावर दोन वर्षं शिकवलं. सर त्याला उस्ताद म्हणत. या उस्तादाबद्दल सर भरभरून बोलायचे, तो काय खायचा, कसा खोकायचा, पाना कसा धरायचा. कसं शिकवायचा ते मात्र कधी सांगत नसत, आणि आमच्या कोणाच्याही ते ध्यानात आलं नाही.

पहिला धडा उभं राहण्याचा. गुडघे थोडे वाकवून आत घ्यायचे. चिनी लोक याला बकरी दाबून धरायची ढब म्हणतात. सरांनी हे सांगितलं तेव्हा मी फस्सकन हसले, कारण आमच्या घरी बकऱ्या होत्या आणि लहानपणी औषध पाजताना मी बकरीला अगदी अशीच मांड्यांत धरत असे. सर खूश झाले. म्हणाले, हिले पाहा, ही शिकून आली आहे. मग त्या अदृश्य बकरीसह आम्ही रोज पाऊण तास उभे. एकट्याने करायचा जो पहिला प्रकार असतो, ज्यात पाय हलत नाहीत आणि हात मुंगीच्या चालीने पुढे जातात, तो आम्ही पहिलं वर्षभर केला. दुसऱ्या वर्षी तोच. तिसऱ्या वर्षी काय, हे विचारायला आम्ही उरलो होतो चौघं.

विंग चुनमधली खरी गंमत जोडीच्या सरावात आहे. समोरासमोर उभं राहायचं, मनगटांना मनगटं लावायची, आणि हात सुटू न देता गोल गोल फिरवत राहायचं. याला ची साव म्हणतात, चिकटलेले हात. समोरच्याच्या मनात काय आलं ते डोळ्यांनी दिसण्याआधी कातडीला कळलं पाहिजे, असा तो खेळ. हात जितका हलका तितकं जास्त कळतं. आम्ही हे फोनवर पाहत होतो, आपसात कुजबुजत होतो, आणि सरांना विचारलं की ठरलेलं उत्तर येई. "आधी तुझा हात तुले कळू दे. मंग दुसऱ्याचा." वाक्य इतकं चांगलं होतं की आम्ही ते घरी जाऊन वहीत लिहून ठेवलं.

मी बाईमाणूस असल्याने माझ्या बाबतीत तर कोणाला शंकाच आली नाही. चूक दाखवायची असली तर सर झाडाची काडी घेत आणि माझं कोपर काडीने वर-खाली करत. माझ्या आईने एकदा येऊन हे पाहिलं आणि तिचा जीव भांड्यात पडला. सज्जन माणूस आहे, ती म्हणाली, पोरीच्या अंगाला हात लावत नाही. पोरांनाही काडीच लागत होती, हे तिने पाहिलं नाही. मीही रोज पाहत होते आणि पाहत नव्हते.

आता त्या चहाबद्दल. वर्ग संपला की सर समोरच्या टपरीवरून चहा आणत. टपरीवाला उकळत्या चहाचे काचेचे ग्लास जाळीत ठेवून देतो, सर जाळी घेत नसत. एका हातात तीन ग्लास, बोटं ग्लासांच्या आत-बाहेर, सावकाश चालत यायचे. आम्ही ते ग्लास ओढणीत, रुमालात धरायचो, तरी हात बदलावे लागत. सर निवांत. दिलीप नावाचा एक वेल्डर आमच्यात होता, सावली गावाकडचा, आगीशी रोजचा संबंध असलेला माणूस. तोसुद्धा म्हणायचा, याले म्हणतात साधना. सरांना चटका लागत नाही ही गोष्ट कॉलनीत पसरली. कंपनीच्या बसमध्ये लोक एकमेकांना सांगायचे. उन्हाने तापलेल्या लोखंडी रेलिंगवर सर दुपारी दोनला हात टेकून उभे असतात, फणसाच्या चिकासारखं घट्ट, गरम वंगण बोट बुडवून पाहतात, वगैरे. ओट्यावरच्या आम्ही तिघांनी तर गरम पाण्यात हात बुडवून ठेवायचा सराव सुरू केला. मी लॅबमध्ये चोरून करायची. थर्मामीटर लावून करायची, केमिस्ट ना.

ज्या जिल्ह्यात आरोग्यवाले दरवर्षी घरोघर येऊन अंगावरचे चट्टे पाहतात, जिथे शाळेच्या भिंतीवर लिहिलेलं असतं की बधिर चट्टा असेल तर दाखवा, त्या जिल्ह्यात वाढलेली मी. मी बी.एस्सी. झालेली. माणसाला चटका लागत नाही हे पाहून मला त्यात सिद्धी दिसली. याला काय म्हणावं ते मला अजून सुचलेलं नाही.

दिलीप तिसऱ्या वर्षाच्या सुरुवातीला भांडून गेला. भांडला म्हणजे त्याने एकदाच विचारलं, मोठ्याने. सर, पोहणं शिकवून राह्यले आणि पाण्यात उतरू नाई देत, हे कोन्ती पद्धत आहे? सरांनी काडी खाली ठेवली आणि म्हणाले, ज्याले घाई आहे त्याच्यासाठी चंद्रपुरात दुकानं आहेत. दिलीप खरंच चंद्रपूरला गेला. तिथे एक तरुण मुलगा शिकवायचा, त्याने दुसऱ्या आठवड्यात दिलीपचा हात हातात घेतला.

पाचेक महिन्यांनी दिलीप मला बाजारात भेटला. भाजीची पिशवी खाली ठेवून म्हणाला, लाव हात. मला कोण आनंद झाला. अडीच वर्षांची तपश्चर्या होती माझ्याकडे, त्याच्याकडे पाच महिने. मी मनगट लावलं, आणि पुढच्या क्षणी दिलीपचा तळवा माझ्या छातीसमोर येऊन थांबला होता. पुन्हा लावलं. पुन्हा तेच. माझा हात आकाराने अगदी बरोबर होता, कोपर जागेवर, मनगट जागेवर, आणि आत काहीच नव्हतं. दिलीप चिडवेल असं वाटलं, तर तो कसनुसा झाला. म्हणाला, तुह्या हातात काठी आहे बाई, हात नाई. कांदे-बटाट्यांच्या गाड्यांमध्ये मी उभी आणि मला रडू आवरेना.

दुसऱ्या दिवशी वर्ग संपल्यावर मी सरांना अडवलं. आजपासून हात द्या, नाहीतर मीही जाते. सरांनी मला एकामागून एक कारणं दिली, आणि सगळी चांगली होती. लवकर हात लावला की माणूस जिंकायला लागतो, शिकत नाही. घाईने लागलेला हात आयुष्यभर जड राहतो. त्यांनी हे इतक्या हळू आवाजात सांगितलं की मलाच वाटलं आपण म्हाताऱ्या माणसाला दुखवलं. मी माफी मागितली. आज वाटतं, त्या सकाळी मी पाय आपटायला हवे होते, आरडाओरडा करायला हवा होता, जबरदस्तीने त्यांचं मनगट धरायला हवं होतं. मी वाकून त्यांच्या पाया पडले.

पाया पडताना त्यांच्या पायाला लागलेलं दिसलं. अंगठ्याखाली जखम, तीवर माती. म्हटलं, सर, लागलं आहे. ते म्हणाले, हो का?

त्याच पावसाळ्याच्या अखेरीस चपलेची गोष्ट झाली. सर ओट्यावरून उतरून गेटाकडे निघाले. त्यांची डाव्या पायातली चप्पल चार पावलांवर निघून मागे राहिली आणि सर तसेच चालत राहिले, एक पाय चपलेत, एक खडीवर. मला हसूच फुटलं. मी चप्पल उचलून मागे धावले, म्हटलं, सर, उस्तादांनी एकाच पायाची चाल शिकवली का? त्यांनी आधी पायाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. हसले नाहीत. चप्पल घालताना त्यांनी ती डोळ्यांनी पाहून घातली, अंगठा नीट आत गेला की नाही ते वाकून पाहिलं.

गेटाजवळ आमच्या भागातल्या आशाताई उभ्या होत्या, हातात रजिस्टर, सर्व्हेचे दिवस होते. सर गेल्यावर त्यांनी मला बाजूला घेतलं.

"तुमच्या सरांले एक डाव दवाखान्यात घेऊन येजो," त्या म्हणाल्या. "चप्पल गेलेली ज्या मानसाले कळत नाई, त्याले पाहा लागते. मी दोनदा घरी जाऊन आली. अंग दाखवत नाईत ते, ड्युटीवर आहो म्हनून सांगतात."

मी हो म्हटलं. आणि गेले नाही.

हे कसं झालं ते मी स्वतःला नेहमी विचारते. आशाताई काय म्हणाल्या ते मला कळलं नव्हतं असं नाही. कळलं होतं, लगेच कळलं होतं. पण सरांसमोर उभं राहून शर्टाची बाही वर करा म्हणायचं कसं? गुरूला असं कोणी विचारतं का? शिवाय खोटं निघालं तर? आणि खरं निघालं तर? मी ठरवलं, दिवाळीनंतर बोलू. दिवाळीनंतर लॅबचं ऑडिट आलं. मग सरांच्या मुलीला पाहायला लोक येणार असं कळलं, म्हटलं तेवढं होऊन जाऊ दे. सरांना मी घाई न करण्याबद्दल नावं ठेवत होते, आणि मी स्वतः सात महिने गप्प बसले. त्या रोगाच्या गोळ्या सरकारी दवाखान्यात फुकट मिळत होत्या. सायकलीने दहा मिनिटांवर.

उन्हाळ्यात वर्गाचा वाढदिवस म्हणून आम्ही ओट्यावरच पोहे आणि चहा केला. स्टोव्हवर मोठं पातेलं होतं. सांडशी सापडेना. सर म्हणाले सरका, आणि दोन्ही हातांनी पातेल्याच्या कडा धरून त्यांनी ते उचललं, सावकाश चालत जाऊन भिंतीजवळ ठेवलं. नव्या आलेल्या दोन पोरांनी टाळ्या वाजवल्या. सरांनी मान तुकवली, हात मागे बांधून उभे राहिले. मला वास आला. लॅबमध्ये कधीतरी बोट भाजतं, तो वास मला ठाऊक आहे. मी त्यांच्या मागे गेले आणि बांधलेले हात पाहिले. तळव्याची कातडी कडेच्या आकारात निघाली होती.

मी त्यांचं मनगट धरलं तेव्हा तिसरं वर्ष संपून चौथं लागलं होतं. माझ्या बोटांखाली त्यांचा हात तापलेला होता आणि सर सरळ पुढे टाळ्या वाजवणाऱ्या पोरांकडे पाहत होते. बाही मीच वर केली. कोपरापासून खाली एक फिका, कोरडा चट्टा होता, तळहाताएवढा, त्यावर घाम नव्हता. त्या उन्हात आमच्या सगळ्यांच्या अंगातून धारा लागल्या होत्या आणि तेवढा तुकडा कोरडा.

दवाखान्यात डॉक्टरांनी फार काही सुनावलं नाही. सरांना डोळे मिटायला सांगितले, बॉलपेनच्या टोकाने हातावर ठिकठिकाणी टेकवलं आणि म्हणाले, जिथे लागेल तिथे बोट ठेवा. सर डोळे मिटून बसले. पेन मनगटावर टेकलं, अंगठ्याखाली टेकलं, करंगळीवर टेकलं. सरांचं बोट हवेतच राहिलं. मी दारात उभी राहून ते पाहत होते. डोळे मिटून दुसऱ्याचा स्पर्श ओळखायचा, हाच तर तो सराव होता, ज्यासाठी मी तीन वर्षं थांबले होते. एखाद्या शिष्याने पहिल्या वर्षी मनगटाला मनगट लावलं असतं तर सरांच्या हाताला ते कळलं नसतं. आणि त्यांना कळत नाही हे आम्हा सगळ्यांना कळलं असतं. डॉक्टर म्हणाले, कुष्ठरोग आहे, बरा होईल, वर्षभर गोळ्या घ्या. गेलेल्या नसा परत येत नाहीत. लवकर यायला पाहिजे होतं.

बाहेरच्या बाकड्यावर काकू, म्हणजे सरांच्या पत्नी, पदर तोंडाला लावून बसल्या होत्या. त्यांना ठाऊक होतं. चार वर्षांपूर्वीच चट्टा दिसला होता, सरांनी गजकर्ण आहे म्हणून सांगितलं, त्यांनी मलम लावलं. मग एके दिवशी फोडणीचं तेल हातावर उडालं आणि सर हललेच नाहीत, तेव्हा काकू समजल्या. सरांनी त्यांना मुलीची शपथ घातली. सरांच्या लहानपणी त्यांच्या सख्ख्या काकाला हा रोग झाला होता. घरच्यांनी त्याला शेतातल्या खोपडीत ठेवलं. जेवणाचा डबा घेऊन जायचं काम सरांकडे होतं. डबा धुऱ्यावर, शेताच्या बांधावर ठेवायचा, लांबून हाक मारायची आणि काका यायच्या आत पळत सुटायचं, असं त्यांना शिकवलेलं. एकदा ते पळाले नाहीत म्हणून आजीने मारलं होतं. आता तसं राह्यलं नाई म्हणून मी गंज वेळा समजावलं, काकू म्हणाल्या, पन ते पोरगंच राह्यले ना, डबा घेऊन पळनारं.

आता तसं राहिलेलं नाही हे तितकंसं खरं नव्हतं. आशाताईंनी आम्हा सगळ्यांना तपासलं, रोग होऊ नये म्हणून एकेक गोळी दिली, कोणालाही काही नव्हतं. तरी त्या आठवड्यात कोणीतरी ओटा फिनेलने धुऊन काढला. कोणी, ते मला माहीत आहे. त्याच्या मुलाला सरांनी फुकट शिकवलं होतं. मुलीला पाहायला येणारे लोक आले नाहीत. सरांनी मुदतीआधी नोकरी सोडली आणि वैनगंगेच्या काठावर सावलीजवळच्या आपल्या गावी निघून गेले. मी दिलीपला फोन करून सांगितलं. तो म्हणाला, मी भांडून गेलो नसतो, जबरदस्ती हात धरला असता, तं. आणि फोन ठेवून दिला. आम्ही दोघं अजून भेटलो की हा एक विषय सोडून सगळं बोलतो.

माझं कंत्राट संपलं, मी आरमोरीला शाळेत लागले. तिथून सरांचं गाव जवळ. मी जाते, पण जितकं जायला हवं तितकं जात नाही, कारण परत येताना बसमध्ये फार वाईट वाटतं. गोळ्यांचं वर्ष केव्हाच संपलं. रोग गेला. हाताची बोटं मात्र आत वळत गेली. काकू रोज त्यांचे हात कोमट पाण्यात बुडवून तेल लावून देतात, पाणी आधी स्वतः पाहतात, आणि तळपायाखाली आरसा धरून जखमा बघतात. मुलगी नागपूरला नोकरी करते. सर अंगणात खाटेवर बसून असतात. आता अर्ध्या बाहीचा शर्ट घालतात.

गेल्या खेपेला गेले तेव्हा धानाची कापणी चालू होती, गावात कोणी नव्हतं, काकूही शेतावर. दुपारची वेळ. सरांनी माझ्या वर्गाची चौकशी केली, आणि मग विचारलं की पोट्ट्याइले जोडीचा हात कधी देते. मी म्हटलं, पहिल्या दिवशी. मला वाटलं रागावतील.

"माह्या उस्तादनं मले पंधराव्या दिवशी देला होता," सर म्हणाले. "मी घाबरलो होतो. तो म्हने, चुकू दे, चुकल्याशिवाय कातडी शिकत नाई."

"मंग आमाले काऊन नाई देला?"

ते आपल्या वळलेल्या बोटांकडे पाहत राहिले.

"देला असता तं तुमाले कळलं असतं ना."

बोलण्यासारखं होतं ते सगळं चार-पाच वर्षं उशिरा होतं. अंगणात कोंबड्या धान टिपत होत्या. सर खाटेच्या कडेला सरकले, पाय जमिनीवर नीट टेकले आहेत का ते पाहिलं आणि मला समोर स्टूल ओढून बसायला सांगितलं. म्हणाले, आता तं काई लपवाचं नाई राह्यलं. ये, एक डाव फिरवू. त्यांनी दोन्ही हात उचलून पुढे धरले, कोपरं अगदी बरोबर जागेवर, आणि डोळे मिटले.

मी माझी मनगटं त्यांच्या मनगटांवर ठेवली. हलकी, जशी ठेवायला हवीत तशी, पोरींना दर रविवारी सांगते तशी. आयुष्यात इतका हलका हात मी कोणावर ठेवला नव्हता. त्यांची कातडी कोरडी होती, आणि खाली नाडी चालत होती, ती मला लागत होती. सर डोळे मिटून शांत बसले होते. मी थांबले. तेही थांबले.

"लाव ना हात," ते म्हणाले. "लाजू नको."

मी मनगट दाबलं. आणखी दाबलं. त्यांचं कोपर मागे सरकलं, खांदा हलला, तेव्हा कुठे त्यांच्या चेहऱ्यावर काहीतरी आलं.

"हां. आता लागला," ते म्हणाले. "पन एवढा जोर नको देऊ, बाई. हात हलका ठेव. हलका असला तरच कळते."

मी हो सर म्हटलं आणि हात हलका केला. त्यांनी मान हलवली, डोळे मिटलेलेच ठेवले, आणि सर मी हात कधी लावते याची वाट पाहत बसले.